अठ्ठेचाळीस दोर

दोर बांधायला कुनिमोतोंनी मोजपट्टी काढली, त्याच क्षणी तोमिएचं त्यांच्याबद्दलचं मत कायम झालं. ती समोरच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी मुळा किसत होती. किसता किसता थांबली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. खरंच मोजपट्टी होती. पिवळी, पोलादी, सुतार कमरेला अडकवतात तसली. हा माणूस पाइनच्या झाडाभोवती गोल फिरत होता, जमिनीवर खडूने खुणा करत होता आणि प्रत्येक खूण झाली की खिशातली वही काढून टिपून घेत होता.

"अहो, बघताय ना?" तोमिए मागच्या खोलीकडे तोंड न वळवताच म्हणाली. "तुमच्या झाडाला कपडे शिवणार आहेत. माप घेणं चाललंय."

मागच्या खोलीत पितरांचा देव्हारा होता आणि त्यात सेइकिचीचा फोटो होता. सेइकिची तिचा नवरा. चव्वेचाळीस वर्षं त्याने कानाझावातल्या लोकांच्या बागा राखल्या. गेल्या मार्चमध्ये समोरच्या याच झाडाचे, बर्फाने फांद्या मोडू नयेत म्हणून बांधलेले हिवाळी दोर सोडून तो घरी आला, चहा टाक म्हणाला, आणि चहा होईपर्यंत गेला. तोमिएने तो चहा फेकून दिला नाही, स्वतः प्यायली. फुकट घालवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

झाड कुनिमोतोंच्या काकूचं. काकू तंतुवाद्य शिकवायची, गाणं बरं होतं, जीभ बरी नव्हती. पण झाडाच्या बाबतीत सेइकिचीला तिने कधी अडवलं नाही. त्या काळ्या पाइनची एक फांदी खोडापासून निघून थेट फाटकावर गेली होती. आडवी, लांब, टोकाला किंचित वर उचललेली. येणाऱ्याने तिच्याखालून वाकून यावं अशी. ती आपोआप तशी झाली नव्हती. एकतीस वर्षं सेइकिचीने ती बांबूला बांधून, दर जूनला कोवळे कोंभ खुडून, दर शरदात जुन्या सुया एकेक उपटून तशी केली होती. एकतीस वर्षांत दोघांना मूल झालं नाही, घर मोठं झालं नाही, पण फांदी पावणेचार मीटर झाली. सेइकिचीच्या हातचं गावात आता जे काही उरलं होतं त्यातलं तोमिएला घरबसल्या दिसणारं एवढंच होतं. ती भांडी घासायची ती फांदी बघत.

आणि आता त्या फांदीखाली खडू घेऊन कुनिमोतो ओणवे झाले होते.

कुनिमोतो मूळचे तोक्योचे. सदुसष्ट वर्षांचे, एकटे. आयुष्यभर रेल्वेच्या कचेरीत बसून कुठली गाडी कितव्या मिनिटाला कुठे असावी हे ठरवत आले. काकू गेली, घर यांच्या नावावर झालं, आणि हे दोन वर्षांपूर्वी बाडबिस्तरा घेऊन गल्लीत दाखल झाले. गल्लीत चौदा घरं. मंडळाचं अध्यक्षपद नको म्हणून तेरा घरं वर्षानुवर्षं एकमेकांना पुढे करत होती. कोणाचा गुडघा दुखत होता, कोणाची सून बाळंत व्हायची होती. कुनिमोतो आले आणि पहिल्याच बैठकीत तेराही घरांनी अशी काही स्तुती आरंभली की त्यांनी उठून, वाकून, डोळ्यांत पाणी आणून ते पद स्वीकारलं. त्यांना वाटलं, मान मिळाला. घरी जाताना तोफूवाली हात्सुए तोंडावर हात ठेवून हसत होती आणि तोमिए तिच्याहून जास्त हसत होती.

कानाझावात कोणी तुमची जरा जास्तच तारीफ करू लागलं की आपलं कुठेतरी चुकलं असं समजायचं असतं. हे लहान मुलालाही कळतं. कुनिमोतोंना कळत नव्हतं. ते बोलायचे ते मनातलं, आणि समोरचाही मनातलंच बोलतोय असं धरून चालायचे. असला माणूस तोमिएला अर्धवट वाटे.

संध्याकाळपर्यंत दोर लावून झाले. खोडाला लागून उंच बांबू उभा केला होता, त्याच्या शेंड्यापासून गवताचे दोर चहूबाजूंनी खाली आले होते. लांबून पाहिलं तर डोळ्याचं पारणं फिटावं. एकाही दोराला झोल नाही, दोन दोरांमधलं अंतर सगळीकडे सारखं. तोमिएने हात पुसले, चपला घातल्या आणि कचरा टाकायच्या निमित्ताने फाटकापर्यंत जाऊन आली.

आत येऊन ती देव्हाऱ्यासमोर बसली आणि तिला असं हसू फुटलं की घंटा वाजवायची राहून गेली.

"अहो, एकही दोर फांदीला बांधलेला नाही!"

झालं होतं ते असं. कुनिमोतोंनी झाडाभोवती जमिनीलगत बांबूच्या कामट्यांचं मोठं कडं केलं होतं, ते खुंट्यांनी जमिनीला पक्कं केलं होतं आणि वरून आलेला प्रत्येक दोर त्या कड्याला बांधला होता. दोर फांद्यांच्या बाजूने वीतभर अंतर राखून खाली जात होते. तोक्योतल्या बागांतून असंच करतात. तिथे बर्फ पडतो तो चिमूटभर, दुपारपर्यंत वाळतो. दोर असतात ते फोटोपुरते. इथे पडतो तो ओला. एका रात्रीत फांदीवर माणूस बसल्याइतकं ओझं होतं. म्हणून इथे दोर फांदीला बांधायचा, फांदी वरून धरायची. चव्वेचाळीस वर्षं तोमिएने तेच दोर पिंपात भिजवून, कुसं काढून, मापाने कापून नवऱ्याच्या हातात दिले होते. आणि फाटकावरची ती लांब फांदी तर कड्याच्या पार बाहेर होती. दोन दोरांच्या मधून निघून ती एकटीच पुढे गेली होती, छत्रीबाहेर राहिलेल्या हातासारखी.

"छत्री केलीय छत्री," तोमिए फोटोला म्हणाली. "तीही झाडाला भिजवणारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुनिमोतो स्वतःच दारात हजर. हातात तोक्योच्या गोड वड्यांचा खोका, अंगावर इस्त्रीचा सदरा.

"तोमिए-सान, मी शिकाऊ माणूस. तीन दिवसांचा वर्ग केला, पुस्तक वाचलं, एवढंच. पण झाड सेइकिची-सानांचं आहे, म्हणून मुद्दाम विचारायला आलो. काही चुकलं असेल तर तोंडावर सांगा. मला राग येत नाही."

मला राग येत नाही असं आधीच सांगणारा माणूस तोमिएला पहिल्यापासून खपत नसे. आणि विचारायचं तर बांबू उभा करण्याआधी विचारायचं होतं! पिंप तिच्या परसात रिकामं पडलं होतं, सेइकिचीचे उरलेले दोर शेडमध्ये तसेच टांगलेले होते, नवऱ्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तिचे हात रिकामे होते, आणि हा बाबा खडू घेऊन तीन दिवसांच्या वर्गाचा टेंभा मिरवायला निघाला होता. तिला राग आला होता. मान्य करायचं झालं तर रडूही आलं होतं. पण तिने तोंडावर आणलं ते हसू.

"चुकलं? छे हो! मी चव्वेचाळीस वर्षं दोर भिजवले, पण इतके सारख्या अंतरावरचे दोर आमच्या ह्यांना जन्मात जमले नाहीत."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. सेइकिचीचे दोर फांदी जिथे असेल तिथे जायचे, अंतर बघत बसायचे नाहीत.

कुनिमोतोंचा चेहरा असा उजळला की तोमिएला क्षणभर कसंतरीच झालं. "हे मी लिहून घेऊ का?" ते म्हणाले.

"घ्या की."

आणि त्या माणसाने खरोखर वही काढून, तारीख घालून, ते वाक्य लिहून घेतलं. पाच नोव्हेंबरला दोर बांधले, सहा नोव्हेंबरला प्रमाणपत्र मिळालं. दार लावून तोमिए जमिनीवरच बसली आणि पोट धरून हसली. वड्या मात्र चांगल्या होत्या. चार खाल्ल्या.

सांगायचं नाही असं काही तिने ठरवलं नव्हतं. दोन-चार दिवस मजा बघू, मग जाता जाता एखादा शब्द टाकू, असा तिचा हिशेब होता. बर्फाला अजून महिना दीड महिना होता. शिवाय गल्लीत आणखी बारा घरं होती, सगळ्यांना डोळे होते. औषधाच्या दुकानाचा म्हातारा रोज त्या फाटकावरून जायचा, तो सांगेल. हात्सुएच्या पोटात तर तोफूसुद्धा टिकत नाही, ती सांगेल. चार दिवसांनी तोमिएच्या लक्षात आलं की जो तो झाडापाशी थांबतो, मान वर करतो, "वा! काय रेखीव!" म्हणतो आणि फाटक ओलांडलं की खाली मान घालून हसत जातो. म्हणजे मजा सगळेच बघत होते. तिला गंमत वाटली. तिला वाटलं, अशी करमणूक सेइकिची असता तर त्याला सांगता आली असती. मग आठवलं की सेइकिची असता तर त्याने एका मिनिटात शिडी लावून कडं उपटून टाकलं असतं, आणि कुनिमोतोंना शिव्या घातल्या असत्या, आणि मग दोघं मिळून साके प्यायले असते. हे आठवल्यावर गंमत थोडी कमी झाली. ती उठली आणि सलगमाच्या फोडी करायला बसली. मीठ लावून, बुरी मासा भरून लोणच्याच्या पिंपात दाबायच्या होत्या, ते वेळेवर झालं नाही तर नववर्षाला कोणाला तोंड दाखवायची सोय नसते.

डिसेंबरच्या सुरुवातीला मंडळाची फिरती फाइल आली. पुठ्ठ्याला चिमटा, चिमट्यात कागद, कागदावर चौदा चौकोन. वाचलं की आपला शिक्का मारायचा आणि शेजारी द्यायची. कुनिमोतोंच्या घरून निघून ती गल्लीभर फिरायची आणि शेवटी समोर राहणाऱ्या तोमिएकडे यायची, म्हणजे ती परत नेऊन देणं तोमिएच्याच नशिबी. या वेळी कागदावर स्पर्धा होती. बर्फाच्या दोरांची, गल्लीतल्या गल्लीत. परीक्षक तीन, त्यात एक हात्सुए.

"आम्हाला काय कळतंय?" हात्सुए तोमिएच्या ओट्यावर टेकत म्हणाली. "तू माळ्याची बायको. तूच सांग, कोणाला द्यायचं?"

"त्यात विचारायचं काय? समोरच्यांना द्या."

हात्सुएने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "खरंच म्हणतेस?"

"अगं, अठ्ठेचाळीस दोर आहेत, मी मोजलेत. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस सारखे."

हेही खरंच होतं. हात्सुए तोफूचा डबा ठेवून गेली.

बक्षीस कुनिमोतोंना मिळालं. पाच किलो तांदूळ आणि एक प्रमाणपत्र. ते देताना औषधवाल्या म्हाताऱ्याने घसा साफ करून सगळ्यांसमोर वाचून दाखवलं की स्वर्गवासी सेइकिची-सानांच्या पत्नीच्या मते इतके सारख्या अंतरावरचे दोर त्यांच्या पतीलाही जमले नव्हते. टाळ्या पडल्या. कुनिमोतो तिच्याकडे वळून कमरेत वाकले. तोमिएही वाकली. वाकल्यावर चेहरा दिसत नाही, ही एक मोठी सोय आहे.

त्यानंतर मात्र सांगणं अवघड होऊन बसलं. नोव्हेंबरात सांगितलं असतं तर सल्ला झाला असता. आता सांगायचं म्हणजे प्रमाणपत्र हातात असलेल्या माणसाला तू मूर्ख आहेस म्हणायचं, आणि मी महिनाभर ते बघत बसले होते हेही म्हणायचं. तोमिएने स्वतःची समजूत घातली. हिवाळे हल्ली कुठे पूर्वीसारखे राहिलेत? गेल्या वर्षी बर्फ दोनदाच पडला. यंदा पडणारही नाही. वर्ष संपता संपता हलकासा पडलाही, दोरांवर पांढरी रेघ ओढल्यासारखा. शेजारच्या गल्लीतले लोक फोटो काढायला आले. कुनिमोतोंनी त्यांना आत बोलावून चहा दिला. तोमिए खिडकीतून पाहत होती आणि तिचं नाक आपोआप मुरडलं जात होतं, पण रोज निजण्याआधी ती एकदा फांदीकडे बघायला लागली होती. फांदीचं टोक फाटकालगतच्या बुटक्या भिंतीवरच्या कौलांपासून दोन हात वर असायचं. दोन हात आहे ना, एवढं बघायचं आणि पडदा ओढायचा.

जानेवारीच्या दहा तारखेला दुपारी आकाश गडगडलं. इकडे बर्फाआधी ढग गडगडतात. चारला सुरू झाला तो थांबेचना. मोठमोठे, ओले, एकमेकांना चिकटलेले कण सरळ खाली येत होते, वारा नावालाही नव्हता. वारा असता तर निदान झटकला गेला असता. बर्फ वितळवायला रस्त्यात बसवलेल्या नळ्यांतून पाणी उडत होतं तिथे तेवढा डांबराचा पट्टा काळा राहिला, बाकी सगळं फुगत चाललं. सकाळी तोमिए उठली तेव्हा परसातलं पिंप दिसत नव्हतं.

तिने पडदा बाजूला केला. फांदीचं टोक कौलांना टेकलं होतं.

चुलीवरचं पाणी तसंच ठेवून ती शेडमध्ये गेली. सेइकिचीचा लांब बांबू घेतला, टोकाला बेचकी असलेला, आणि दोरांची दोन वेटोळी खांद्यावर टाकली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई मांडीपर्यंतच्या बर्फातून रस्ता ओलांडायला किती वेळ घेते? तिला वाटलं, तासभर लागला. कुनिमोतो पिवळ्या प्लास्टिकच्या फावड्याने फाटकासमोरचा बर्फ सारत होते. तिला पाहून त्यांनी टोपी काढली.

"तोमिए-सान! एवढ्या बर्फात? काही हवं होतं का?"

"फांदी. बांबू लावा खाली. लवकर."

"अहो, काळजी करू नका," ते हसून म्हणाले. "बांधलंय ना सगळं."

"कुठे बांधलंय?"

"म्हणजे?"

"दोर कुठे बांधलेत तुम्ही?"

"कड्याला."

"आणि कडं?"

"जमिनीला. खुंट्या आहेत, चांगल्या पक्क्या..."

"मग झाड कोणी धरलंय?"

कुनिमोतोंनी वर पाहिलं. शेंड्यापासून एका दोरावरून त्यांची नजर खाली आली, कड्यापर्यंत. मग दुसऱ्या दोरावरून. मग तिसऱ्या. माणसाने आयुष्यभर गाड्या कुठे पोहोचतात हेच पाहिलेलं, त्याला हे समजायला वेळ लागला नाही. तोंडावरचा रंग उतरला.

"पण तुम्ही तर..." ते म्हणाले.

"ते नंतर! आधी धरा!"

दोघांनी बेचकी फांदीखाली घातली. तोमिए ओरडत होती, अजून आत, खोडाकडे घ्या, टोकाकडे नको. कुनिमोतो आत सरकत होते आणि सरकताना "माफ करा, माफ करा" म्हणत होते, आणि तिला वाटत होतं की हा माणूस फासावर जातानाही माफ करा म्हणेल. बांबू टेकला. तिने उचलायला जोर लावला. वरच्या फांदीवरचा ढीग घसरला आणि सगळाच्या सगळा या फांदीवर आला.

मोठा आवाज झाला नाही. ओलं लाकूड मोडताना कुरकुरतं, मग एकदा फाटतं, बस्स. फांदी खोडापासून निघाली ती हातभर साल सोलून घेऊन निघाली आणि भिंतीची आठ कौलं घेऊन खाली बसली. दोघांच्या डोक्यावर, खांद्यावर बर्फ. खोडावर आतलं लाकूड उघडं पडलं होतं, पिवळं, ओलसर. अठ्ठेचाळीस दोर जिथल्या तिथे होते, एकाला झोल आला नव्हता.

कुनिमोतो गुडघ्यांवर बसले. बर्फातच, कपाळ टेकेल इतके वाकले. "सेइकिची-सानांची फांदी होती," ते म्हणाले. "क्षमा करा."

या क्षणी बोलायला हवं होतं. तोमिएला ते कळत होतं, तोंडही उघडलं होतं.

"थंडी बाधेल," ती म्हणाली. "आत जा."

दुपारी बर्फ थांबल्यावर हात्सुए फावडं घेऊन आली. तोमिएच्या दारातला बर्फ तिने न विचारता सारला आणि मग फावड्यावर हनुवटी टेकून उभी राहिली.

"गेली ना शेवटी," ती म्हणाली.

"गेली. आणि तुम्ही बारा घरं तोंडं शिवून बसला होतात," तोमिए भडकली. "डोळे फुटले होते का सगळ्यांचे? एकाला सांगता आलं नाही त्या बावळटाला?"

हात्सुएने हनुवटी फावड्यावरून उचलली.

"आम्ही? अगं, आम्हाला वाटलं तू सांगशील. तुझ्या नवऱ्याची फांदी. मी तर दुसऱ्याच दिवशी सांगायला निघाले होते, पण त्यांनी वही काढून दाखवली, माळ्याच्या बायकोने असं म्हटलंय म्हणून. मग म्हटलं, काही नवी तऱ्हा असेल. तुला विचारलंही मी. खरंच म्हणतेस का, विचारलं की नाही? माळ्याची बायको म्हणते छान आहे, मग तोफूवालीने काय शहाणपण शिकवायचं?"

"पण तुम्ही हसत होतात!"

"तू हसत होतीस म्हणून."

हात्सुएने फावडं खांद्यावर टाकलं आणि गेली. रात्रीच्या भाताबरोबर देव्हाऱ्यात वाटी ठेवताना तोमिएने फोटोकडे पाहिलं नाही.

चार दिवसांनी फिरती फाइल आली. तिच्याकडे म्हणजे शेवटी, तेरा शिक्के पडून. कुनिमोतोंचं अक्षर छापल्यासारखं सरळ होतं.

"माझ्या झाडाचे दोर मी चुकीचे बांधले होते. ते फांदीला टेकत नव्हते. त्यामुळे सेइकिची-सानांनी एकतीस वर्षं वाढवलेली फांदी मोडली. दोष माझा आहे. स्पर्धेचे तांदूळ मी मंडळाला परत करत आहे. मी इथे नवीन आहे. पुन्हा माझं काही चुकताना दिसलं, तर कृपा करून सांगा. मला राग येत नाही."

खाली तेरा लाल शिक्के. पहिला कुनिमोतोंचा, बाकी बारा नुसते वाचलं म्हणणारे. एकानेही पुढे एक ओळ लिहिली नव्हती. औषधवाल्याचा शिक्का तर तिरका पडला होता, घाईत मारल्यासारखा. तोमिएला त्या बारा शिक्क्यांची अशी किळस आली, की पाठोपाठ चौदाव्या रिकाम्या चौकोनाचीही आली.

तिने शिक्का बाहेर काढला, पुन्हा डबीत ठेवला. पेन शोधलं. चौकोनात जागा थोडी होती म्हणून बारीक अक्षरात, एकेक काना सावकाश ओढत लिहिलं: "मी पाच नोव्हेंबरलाच पाहिलं होतं. मला माहीत होतं. तोमिए." मग शिक्का मारला. आता फाइल समोरच्या पेटीत टाकून येता आलं असतं, सगळे तसंच करतात. तिने घंटी वाजवली.

फाटकातून आत येताना वाकावं लागलं नव्हतं. सवयीने ती वाकली होती आणि मग सरळ झाली होती.

कुनिमोतोंनी दार उघडलं. त्यांच्या मागे ओसरीवर फांदी होती, चटईवर निजवलेली, सुया अजून हिरव्या. त्यांनी दोन्ही हातांनी फाइल घेतली, उभ्या उभ्या चाळली आणि चौदाव्या चौकोनापाशी थांबले. बराच वेळ वाचत राहिले. एवढं लिहिलेलं नव्हतं.

"मी तुम्हाला विचारायला आलो होतो," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"मग का नाही सांगितलंत?"

येताना तिने तीन उत्तरं तयार केली होती. नवरा नुकताच गेला होता. पुरुषांच्या कामात बायकांनी बोलू नये. वाटलं होतं यंदा बर्फ पडणार नाही. तिन्ही ठीकठाक होती, गल्लीत कुठेही चालली असती.

"मजा वाटत होती," तोमिए म्हणाली.

कुनिमोतोंनी मान हलवली. रागावले नाहीत, ते खरंच बोलत होते, त्यांना राग येत नसे. फाइल त्यांनी नीट मिटली, काखेत धरली आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर एक हसू आलं. तोमिएने ते त्यांच्या तोंडावर याआधी कधी पाहिलं नव्हतं, पण गल्लीतल्या प्रत्येक तोंडावर पाहिलं होतं. ओठ तेवढे हलले होते.

"किती सुंदर अक्षर आहे तुमचं, तोमिए-सान," ते म्हणाले. "एवढ्या बर्फातून मुद्दाम आलात, फार तसदी घेतलीत."

ते वाकले, वाकायला हवं तेवढंच, आणि दार अलगद लोटून घेतलं. कडीचाही आवाज होऊ दिला नाही.

तोमिए पायरीवर उभी राहिली. त्या बोलण्याचा अर्थ तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. गल्लीत तो तिच्याइतका कोणालाच कळत नव्हता. दोन वर्षांत ज्या माणसाला इथली रीत उमगली नव्हती त्याला ती आता उमगली होती, आणि शिकवली होती तिनेच.